बारा महिन्यांचा कागद

लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत मी घरखर्चाच्या सात वह्या सुरू केल्या. एकही वही चौथा महिना बघू शकली नाही. आळस नडला असं म्हणता येणार नाही, कारण कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपयेसुद्धा मी न चुकता लिहीत होते. पण महिनाअखेरीला बेरीज केली की ती ठरवलेल्या आकड्याच्या चार-पाच हजारांनी पुढे गेलेली असायची. मग आम्ही दोघं एकमेकांची समजूत घालायचो, ‘हा महिना जरा वेगळाच गेला.’ जूनमध्ये शाळा उघडली होती. ऑगस्टमध्ये विम्याचा हप्ता होता. पुढे गणपती, मग मावसबहिणीचं लग्न, मग दिवाळी, आणि फराळाच्या ऐन गडबडीत मिक्सर जळला.

सातही वह्या एकदा शेजारी शेजारी ठेवून चाळल्या, तेव्हा दिसलं की वेगळा नाही असा महिना त्यांत एकही नव्हता.

पगार महिन्याचा असतो, म्हणून हिशेबही आपण महिन्याचा मांडतो. घर मात्र वर्षाच्या चालीनं चालतं. मिरची उन्हाळ्यात घ्यायची, वह्या-पुस्तकं जूनमध्ये, आकाशकंदील दिवाळीत. हे खर्च आपल्या सोयीनं बारा ठिकाणी वाटून येत नाहीत. ती वाटणी आपल्यालाच करावी लागते. खालची कृती त्या वाटणीची आहे. मांडायला एक रविवार जातो, पुढे आठवड्याला दहा मिनिटं पुरतात.

साहित्य

एक मोठा कागद (जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू चालते), पेन्सिल आणि खोडरबर. तिथी-सण दिलेली यंदाची दिनदर्शिका. बँक खात्याचा गेल्या बारा महिन्यांचा उतारा. विजेची मागची काही बिलं. पाच पाकिटं. रोजच्या खात्याखेरीज आणखी एक बचत खातं. आणि घरात पैसे आणणारी व खर्च करणारी सगळी माणसं, एका वेळी, एका टेबलाशी. हा शेवटचा जिन्नस मिळवायला सगळ्यांत कठीण, पण त्याशिवाय कृती जमत नाही.

मांडणी समजावी म्हणून एक उदाहरण धरू. नाशिकमध्ये भाड्यानं राहणारं चौघांचं कुटुंब, दोन मुलं शाळेत, हातात येणारे पैसे महिना ४८,००० रुपये. पुढचे आकडे या घरासाठी मी धरलेले आहेत. तुम्ही तुमचे घाला.

कृती

१. कागदावर बारा घरं आखा. सुरुवात जानेवारीपासून न करता एप्रिलपासून करा. साठवण, शाळा, पगारवाढ सगळं एप्रिलच्या आसपास हलतं. मग दिनदर्शिका बघून प्रत्येक घरात सण आणि कार्यं लिहा.

इथे तारखांकडे नीट बघायचं. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, म्हणजे सगळी खरेदी ऑक्टोबरच्या पगारात बसवावी लागली. २०२५ मध्ये ते २१ ऑक्टोबरला आलं, २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला आहे. दिवाळी पगाराच्या अलीकडे येते की पलीकडे, यावर तो महिना कसा जाणार हे ठरतं. अधिक महिनाही बघून ठेवा. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. लेकीचं नवं लग्न झालेलं असेल तर धोंड्याच्या महिन्यात जावयाचं वाण आलंच, आणि २०२६ मध्ये ते नेमकं शाळा उघडण्याच्या तोंडावर येतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लिहायची. करार अकरा महिन्यांचा असला तर त्याच्या नव्या नोंदणीचा खर्च दर वर्षी एक महिना अलीकडे सरकतो.

२. बँकेच्या उताऱ्यातून मागचं वर्ष काढा. दर महिन्याला येणाऱ्या नोंदींना या टप्प्यावर हात लावू नका. जी नोंद वर्षातून एकदा, दोनदा किंवा चारदाच दिसते तिच्यावर खूण करा आणि ती त्या त्या महिन्याच्या घरात उतरवा. चष्मा, दाताचं काम, गाडीचं सर्व्हिसिंग, नळाची दुरुस्ती, आहेर. ‘ते काही दर वर्षी नसतं’ असं कुणीतरी म्हणेलच. दर वर्षी तेच नसतं हे खरं, पण तेवढंच दुसरं काहीतरी असतं.

आपल्या नाशिककर कुटुंबाचा कागद असा भरला: शाळेची फी दोन हप्त्यांत मिळून २२,०००, पुस्तकं, गणवेश, रेनकोट ९,०००, उन्हाळ्याची साठवण १४,०००, विमा १२,०००, गणपती ६,०००, दिवाळी १५,०००, आहेर-माहेर ८,०००, भाडेकरार ५,०००, दुचाकी ४,०००, दवाखाना, चष्मा, दात ८,०००, घरातली मोडतोड ५,०००.

३. बेरीज करा आणि बारानं भागा. वरची बेरीज १,०८,००० होते. भागिले बारा, म्हणजे महिना ९,०००. माझ्या वह्या जिथे फुटायच्या ती भेग हीच. या कुटुंबाला आपलं उत्पन्न ४८,००० वाटतं, पण महिन्याच्या खर्चासाठी त्यांच्या हातात खरे ३९,०००च आहेत. उरलेले ९,००० आधीच कुठल्यातरी जूनचे किंवा दिवाळीचे झालेले असतात.

एक अडचण पहिल्या वर्षी येते. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर जूनच्या आधी दोनच हप्ते जमतात, म्हणजे १८,०००. समोर साठवण, पुस्तकं आणि फीचा पहिला हप्ता मिळून ३४,००० उभे असतात. म्हणून कागद कधीही आखा, पण पैसे बाजूला टाकायला दिवाळीनंतर लागा. डिसेंबर ते एप्रिल पाच हप्त्यांत ४५,००० साठतात आणि मधला एखादा आहेर धरूनही उन्हाळा निभतो. मध्येच सुरू करायचं असेल तर पहिल्या वर्षी साठवण चार-चार महिन्यांची करा आणि बोनस आला तर तो थेट या खात्यात टाका.

४. पगाराच्या दिवशीच वाटे करा. ९,००० दुसऱ्या खात्यात. त्या खात्याचं कार्ड पाकिटात ठेवू नका आणि फोनवरच्या यूपीआयला ते जोडू नका. पैसे काढायला बँकेत जावं लागेल एवढा त्रास राहू द्या. मग बचतीचे, समजा ४,०००, आवर्ती ठेवीत. टपाल खात्याची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि महिना १०० रुपयांपासून सुरू होते. बँकांमध्ये कमी मुदतीचीही मिळते.

हे वर्षाचे पैसे भिशीत टाकू का, असं पुष्कळ जणी विचारतात. भिशी मलाही आवडते, पण ती गप्पांसाठी आणि पावभाजीसाठी. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. भिशीतली एखादी सभासद मधूनच गाव सोडून गेली तर मागे फक्त बायकांची तोंडं पडतात. शाळेची फी तिच्या भरवशावर ठेवू नये.

५. ठरलेले खर्च एकदाच कसून तपासा. आता ३५,००० उरले. भाडं १३,०००, प्रवास ३,०००, दूध-दही ३,०००, कामाच्या मावशी २,०००, वीज १,४००, फोन आणि इंटरनेट १,२००, गॅस ९००. एकूण २४,५००. यातल्या प्रत्येक ओळीवर वर्षातून एकदा तास-दोन तास घालवा, मग वर्षभर तिकडे बघू नका. रोज रोज दिवे बंद करण्यावरून मुलांवर ओरडण्यानं घशाला त्रास होतो, बिलाला फारसा नाही.

विजेचं उदाहरण घेऊ. एक युनिट म्हणजे १,००० वॅटचं उपकरण तासभर. २,००० वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. ७५ वॅटचा जुना पंखा तेवढ्यासाठी तेरा तास फिरतो, आणि ३० वॅटचा नवा बीएलडीसी पंखा तेहतीस तास. घरात तीन जुने पंखे रोज बारा-बारा तास चालत असतील तर ते बदलल्यावर महिन्याला साधारण ४८ युनिटं वाचतात. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटं, मग ३०० पर्यंतची, मग ५०० पर्यंतची अशा पायऱ्या असतात. १०० ओलांडली की सगळंच बिल महाग दरानं लागतं, असा एक समज आहे. तसं नसतं. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण याचा अर्थ असाही होतो की तुम्ही वाचवलेलं प्रत्येक युनिट तुमच्या बिलातलं सगळ्यांत महाग युनिट असतं. पंखा किती महिन्यांत फिटेल हे आपल्या बिलावरच्या वरच्या दरानं मोजा. फिटत असेल तर त्याची किंमत कागदावर पुढच्या मार्चच्या घरात लिहा. लगेच घ्यायला धावू नका.

गॅससाठी एकच सवय: सिलिंडर लावला की कॅलेंडरवर त्या तारखेला ‘गॅस’ लिहायचं, जिथे दुधाचे खाडे लिहितो तिथेच. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवर कोरलेलं असतं. घेताना दोन्हींची बेरीज काट्यावर बघून घ्या. एरवी चाळीस दिवस जाणारा सिलिंडर एकदा तिसाव्या दिवशी संपला, की पाहुणे किती आले होते, नळी जुनी झाली का, बर्नर पिवळा जळतोय का, हे विचारायला तारीख हाताशी असते.

६. किराण्याची यादी डबे उघडून करा. आता राहिले १०,५००. त्यातले ४,५०० किराण्याचे. मागच्या महिन्याची यादी दुकानदाराला तशीच पाठवली की घरात रवा तीन पुड्या आणि साबुदाणा दोन किलो होतो. फडताळ वरपासून खालपर्यंत उघडायचं, प्रत्येक डबा हलवून बघायचा आणि जे अर्ध्याच्या खाली आहे तेच लिहायचं. पहिल्याच महिन्यात फडताळाच्या मागच्या रांगेतून दोन-तीन जेवणं निघतात. माझ्याकडे मटकी, अर्धा किलो वरई आणि कुणीतरी कोकणातून आणलेली कुळथाची पिठी निघाली होती. तो आठवडा आम्ही पिठल्याचा आणि उसळीचा केला.

दुकानात पाकिटाची किंमत न बघता ग्रॅमची किंमत बघा. हल्ली ती एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरांत छापलेली असते. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही, साबणाच्या पावडरीत हे नेहमी सापडतं. तेलात तर डोळे उघडे हवेतच. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणून १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅमच तेल असतं. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांची तुलना करायची तर दोन्हींचं वजन घ्या, आकार नाही.

७. बाकीचे पाच पाकिटांत घाला. उरलेले ६,००० भाजी, फळं, अंडी, रिक्षा, मुलांची पेन्सिल, रस्त्यातला वडापाव यांचे. यांचे चार भाग करण्याचा मोह होतो. पाच करा, प्रत्येकी १,२००. चार पाकिटं चार आठवड्यांची. पाचवं २९ तारखेपासूनच्या दोन-तीन दिवसांचं. मधल्या एखाद्या आठवड्यात कुणी पाहुणा आला तर पाचव्यातून उसनं घेता येतं, आणि नाही आला तर महिन्याचा शेवट आमरसाचा होतो.

रोकड वापरायची नसेल तर यूपीआय लाइटमध्ये दर सोमवारी १,२०० टाका आणि आपोआप भरण्याची सोय बंद ठेवा. फोनमधून पैसे जाताना हाताला काही जाणवत नाही, दुखतं ते नंतर. पाकीट पातळ होताना दिसतं, हा त्याचा सगळा गुण. आमच्याकडे गुरुवारपर्यंत पाकिटात तीनशे उरले की धाकटीच जाहीर करते, ‘आता शनिवारपर्यंत पालेभाजी.’

या पाकिटांत काय गेलं ते लिहू नका. हो, लिहूच नका. कोथिंबीर दहा, लिंबू वीस हे लिहिण्यातच माझ्या सात वह्या दमल्या. पाकिटाचा आकडा ठरलेला आहे. आत काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

८. साठवण मोजून करा, हौसेनं नको. एक किलो कणकेच्या साधारण तीस पोळ्या होतात. चौघांच्या घरात दिवसाला वीस पोळ्या धरल्या तर महिन्याला वीस किलो आणि वर्षाला, चाळण धरून, अडीच क्विंटल गहू लागतो. ३५ रुपयांनी घेतला तर ८,७५०. किलोमागे पाच रुपये सुटले असं धरलं तर वर्षाचे वाचले १,२५०. एवढ्यासाठी दोन कोठ्यांची जागा, एक दिवस ऊन आणि एरंडेल चोळायला दोन हात लागतात. कोरडी जागा असेल तर जरूर करा. नसेल तर नाही केलं तरी काही बिघडत नाही.

हे मी शहाणपणानं लिहितेय, पण शिकले पोळून. एका मे महिन्यात कोठी धुतली, वरून कोरडी दिसली म्हणून संध्याकाळी गहू भरला. तळाच्या सांध्यात ओल राहिली होती. श्रावणात झाकण उघडलं तर हाताला कोमट लागलं आणि सोंडे भिंतीवरून वर चढत होते. पन्नास किलो गहू गेला, म्हणजे १,७५० रुपये. वर्षभराची सगळी बचत आणि वर पाचशे. तेव्हापासून धुतलेली कोठी दोन दिवस उन्हात उलटी राहते आणि भरण्याआधी आत हात घालून बघितला जातो.

कांद्याचं गणित सोपं आहे. मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा मोकळ्या हवेत पसरून ठेवला तर चार महिने सहज टिकतो. दिवाळीच्या आगेमागे येणारा लाल कांदा आठवड्यापुरताच आणा, त्याला साठवणीचा गुण नाही. मिरचीसुद्धा उन्हाळ्यातच घ्या आणि कांडपावर आपल्यासमोर कुटून आणा. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी, घरच्या जिभेप्रमाणे.

९. रविवारी दहा मिनिटं कागदासमोर उभं राहा. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या दोन महिन्यांच्या घरांत काय आहे ते वाचा. एखादा खर्च झाला तर पेन्सिलीनं खरा आकडा शेजारी लिहा. दिवाळीला १५,००० धरले आणि १७,२०० गेले, तर तेवढंच लिहा. शेरा नको, दोष नको. पुढच्या वर्षी तिथे १७,००० येतील, बस्स.

कृती बिघडली तर

बेरीज बसतच नसेल, म्हणजे वर्षाचे ९,००० काढल्यावर महिना उरत नसेल, तर घाबरून बचत बंद करू नका आणि दुधालाही कात्री लावू नका. मी एकदा दूध अर्धा लिटर कमी केलं होतं. चार दिवस चहा काळा झाला, पाचव्या दिवशी सगळे बाहेरून आइस्क्रीम खाऊन आले. कात्री लावायची तर वर्षाच्या ओळींना लावा. आहेराचा आकडा ठरवून घ्या, गाडीचं एखादं काम पुढे ढकला, फराळातले दोन पदार्थ जावेबरोबर वाटून करा. या ओळींत एकदा घेतलेला निर्णय वर्षभर पुरतो. दुधाचा रोज सकाळी नव्यानं घ्यावा लागतो.

घरातला एक जण पाकिटांना जुमानत नसेल तर त्याच्या नावाचं एक वेगळं पाकीट करा, छोटं, आणि त्याला त्याबद्दल कधीही काही विचारू नका. माझ्या नवऱ्याच्या पुस्तकांचा आणि माझ्या सुती साड्यांचा प्रश्न असाच सुटला.

दुसऱ्या खात्यातले पैसे मध्येच उचलावे लागले तर उचला, ते त्यासाठीच आहेत. फक्त कुठल्या घरातले उचलले ते कागदावर लिहा. ‘मिक्सरसाठी दिवाळीतून २,५००’ असं लिहिलेलं दिसलं की ऑक्टोबर येण्याआधी दिवाळीची यादी आपोआप आखूड होते.

मार्चच्या शेवटच्या रविवारी जुना कागद दारावरून काढा आणि नवा आखायला घ्या. जुना फेकू नका, नव्याच्या खाली ठेवा. आमच्या दाराला आता सहा कागद एकाखाली एक आहेत. सगळ्यांत खालच्या कागदावर पेन्सिलीच्या रेघोट्या, खाडाखोड आणि तीन ठिकाणी ‘हे कुठून आलं?’ असं लिहिलेलं आहे. वरच्या कागदावर ‘मोडतोड’ या ओळीपुढे पाच हजार आहेत. परवा मिक्सर पुन्हा जळला. नवऱ्यानं दार उघडलं, ओळ वाचली आणि पिशवी घेऊन बाजारात गेला.